हरवलेला हातोडा

एखादी वस्तू हरवली म्हणजे आपण ती शोधू लागतो. कधी ती सापडते, तर कधी भलतेच काही हाती लागते. इंग्लंडमध्ये एकदा असेच घडले. ही गोष्ट अगदी खरी आहे.

इंग्लंडच्या पूर्वेला सफोक परगणा आहे. तेथे हॉक्सन नावाचे लहानसे गाव आहे. १९९२ साली तेथल्या एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. एरिक लॉज हे त्याचे मित्र. त्यांच्याजवळ धातू शोधण्याचे यंत्र होते. जमिनीत धातू असेल, तर हे यंत्र आवाज करते. १६ नोव्हेंबरला लॉज यंत्र घेऊन शेतात गेले. फिरता फिरता यंत्र वाजू लागले. त्यांनी माती उकरली आणि पाहतात तो काय! सोन्याचांदीची नाणी आणि चांदीचे चमचे!

मुलांनो, तुम्ही तेथे असता तर काय केले असते? भराभर खणून सगळे घरी नेले असते का? लॉज यांनी तसे केले नाही. थोडे खणल्यावर ते थांबले आणि त्यांनी सरकारला कळवले. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञ आले. त्यांनी सावकाश, जपून माती काढली.

म्हणूनच आपल्याला कितीतरी गोष्टी कळल्या. हा खजिना ओकच्या लाकडी पेटीत ठेवलेला होता. लाकूड कुजले होते, पण पेटीच्या बिजागऱ्या उरल्या होत्या. वस्तू पेटीत नीट रचून ठेवल्या होत्या. घाईने खणले असते, तर हे काहीच समजले नसते.

पेटीत सुमारे १५,००० रोमन नाणी होती. त्यांतली बहुतेक चांदीची होती. लोकांनी त्यांच्या कडा कातरून थोडी थोडी चांदी काढून घेतली होती. बादशहाचा चेहरा मात्र तसाच ठेवला होता! नाण्यांवरून काळही कळला. इसवी सन ४०७ नंतर केव्हातरी हा खजिना पुरला गेला. त्या सुमारास ब्रिटनमधली रोमन सत्ता संपत आली होती. देशात धामधूम होती. धन्याने भीतीने पेटी पुरली असेल. पण ती न्यायला तो परत आलाच नाही.

पेटीत एक सोन्याची बांगडी होती. तिच्यावर जुलियाना या बाईचे नाव आहे. मिरपूड ठेवण्याची चांदीची चार सुंदर पात्रेही होती. त्या काळी मिरी कोठून येत असे, ठाऊक आहे? भारताच्या केरळ किनाऱ्यावरून! तुमच्या आईच्या स्वयंपाकघरातली साधी मिरी तेव्हा जहाजांतून इतक्या दूर जात होती.

सरकारने लॉज यांना साडेसतरा लाख पौंडांचे बक्षीस दिले. त्यांनी ते शेतकरी मित्राबरोबर वाटून घेतले. आज हा खजिना लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

आणि हातोडा? तोही सापडला! आता तोही त्याच म्युझियममध्ये आहे.

शब्दार्थ
पुरातत्त्वज्ञ – जुन्या वस्तूंवरून इतिहास शोधणारा
धामधूम – गडबड, अशांतता
परगणा – जिल्ह्यासारखा प्रदेश

प्रश्न
१. लॉज शेतात काय शोधायला गेले होते?
२. लॉज यांनी खणणे का थांबवले असेल?
३. नाण्यांवरून काय काय कळले?
४. तुम्हांला रस्त्यात एखादी मौल्यवान वस्तू सापडली, तर तुम्ही काय कराल?