इच्छापत्र नसेल तेव्हा



गेल्या वर्षी माझे मामा प्रभूमध्ये निजले. इच्छापत्र केलेले नव्हते. दफनाला आठवडा होत नाही तोच थोरला मामेभाऊ हक्कसोडपत्र घेऊन आला. मामी आणि दोघी बहिणींनी सह्या कराव्यात, एवढेच त्याचे म्हणणे. मी म्हटले, "मामी, आज सही करू नका."

आमचे कुटुंब आदिवासी नाही. त्यामुळे आम्हा ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. विधवेला एकतृतीयांश, बाकीचे मुलगे व मुली यांना सारखे. म्हणजे नऊ हिश्श्यांपैकी मामींचे तीन, तिन्ही मुलांचे दोन-दोन. मृत्यूचा दाखला व वारसांचे प्रतिज्ञापत्र जोडून तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे अर्ज केला. फेरफार मंजूर होऊन चौघांचीही नावे सातबाऱ्यावर चढली. बँकेत नॉमिनी थोरलाच होता. पण नॉमिनी पैसे स्वीकारतो, मालक वारसच असतात.

पाड्यांवरची गोष्ट वेगळी. अनुसूचित जमातींना हिंदू उत्तराधिकार कायदा लागू नाही. तिथे जमातीची प्रथा पाहतात. मात्र १७ जुलै २०२५ रोजी एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मुलींना वगळणारी प्रथा सिद्ध झाली नाही, तर त्यांनाही समान वाटा मिळावा.

म्हणून पाड्यावर कोणी विधवा भेटली, तर सांत्वनाबरोबर एवढे जरूर सांगा: वाचून घेतल्याशिवाय अंगठा देऊ नका. जमल्यास तिच्यासोबत तलाठी कार्यालयात जा.