मनातले कर्मकांड

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या घरांतून मरीआईचे, म्हसोबाचे देव्हारे उठले. नवस-सायास गेले. भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर आली. पण एक कर्मकांड असे आहे की, ते देव्हाऱ्यात नसते. ते एकट्या माणसाच्या डोक्यात चालते आणि शेजारी बसलेल्या आईलाही त्याचा पत्ता नसतो. धर्म बदलून ते जात नाही, कारण तो धर्मच नव्हे, आजार आहे. त्या आजाराबद्दल आज आम्ही लिहीत आहोत.

लातूरच्या एखाद्या वस्तीतली बाई डोळ्यांपुढे आणा. पहिले बाळंतपण होऊन चार महिने झालेले. नवरा एमआयडीसीत कामाला. दुपारी विळीवर कांदा चिरताना एकाएकी मनात येते, ही विळी बाळाला लागली तर? मीच मारली तर? बाईला दरदरून घाम फुटतो. त्या दिवसापासून विळी पोत्यात गुंडाळून पलंगाखाली जाते. भाजी सासूने चिरायची, बाळाला अंघोळही सासूनेच घालायची. सासू गल्लीत सांगते, 'सून कामचुकार निघाली, भाजी चिरायची म्हणून नाटकं करते.' आणि ही बाई मनात काय करत असते? 'माझे बाळ सुखी राहो' हे वाक्य सात वेळा म्हणते. सहाव्या वेळेला वाईट विचार मध्ये आला की पुन्हा पहिल्यापासून. मागच्या तासाभरात आपले हात कुठे कुठे होते, हे आठवून आठवून तपासते. रात्री नवऱ्याला विचारते, 'मी असं काही करणार नाही ना हो?' तो म्हणतो, 'येडी का तू? तू कशाला मारशील लेकराला?' दहा मिनिटे बरे वाटते. अकराव्या मिनिटाला परत तेच.

अशा बाईच्या मनात बाळाविषयी राग नसतो. राग असता तर तिने विळी लपवली नसती.

किंवा नांदेड जिल्ह्यातून लातूरला 'नीट'च्या तयारीसाठी आलेला मुलगा घ्या. खोलीवर सकाळी वंदना घेतो. त्रिशरण म्हणता म्हणता तसबिरीविषयी एक घाणेरडा शब्द मनात उमटतो. तो हादरतो. क्षमा मागतो, पुन्हा सुरुवात करतो, शब्द पुन्हा येतो. पुढे हे अभ्यासात शिरते. मन 'स्वच्छ' असल्याशिवाय पान उलटायचे नाही, असा नियम तो स्वतःवर घालून घेतो. एका पानाला दीड तास लागतो. चाचणीत गुण घसरतात आणि घरचे समजतात, पोरगा शहरात बिघडला.

डॉक्टर या आजाराला ओसीडी म्हणतात. मराठीत त्याला मंत्रचळ असा जुना शब्द आहे. मंत्र म्हणताना चूक झाली की माणसाला चळ लागतो, अशी समजूत त्या शब्दातच दडलेली आहे. समजूत चुकीची, पण आजाराचे रूप मात्र शब्दाने नेमके पकडले आहे. चुकले का, पुन्हा म्हणू का, आता बरोबर झाले का, हेच त्यात रात्रंदिवस चालते.

हात धुणारा मंत्रचळ लवकर ओळखू येतो. साबण संपतो, हंडा रिकामा होतो. २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे तर अशा माणसावरून घरात भांडणच व्हायचे. पण ज्याचे धुणे-पुसणे मनातच चालते, त्याचा हंडा भरलेला असतो. म्हणून तो वर्षानुवर्षे कोणाला दिसत नाही. २०१५-१६ मध्ये देशाच्या १२ राज्यांत मानसिक आरोग्याची मोठी पाहणी झाली. तीत मोठ्या माणसांपैकी सुमारे ०.८ टक्के लोकांना हा आजार आढळला. म्हणजे सव्वाशे माणसांत एक. आपल्या विहारात पौर्णिमेला एवढी माणसे सहज जमतात.

आता मुख्य गोष्ट. असले विचार येतात कोणाला? लंडनमध्ये काम करणारे मानसशास्त्रज्ञ पद्मल डी सिल्वा हे मूळचे श्रीलंकेचे. त्यांनी स्टॅन्ली रॅकमन यांच्याबरोबर १९७८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. कोणताही मानसिक आजार नसलेल्या लोकांना त्यांनी विचारले की, तुमच्या मनात नकोसे, किळसवाणे, हिंसक विचार अचानक येतात काय? सुमारे ८० टक्के लोक 'होय' म्हणाले. विचार तेच, जे रुग्णांना येतात. फरक पुढच्या पायरीवर आहे. बाकीचे लोक 'काय मेले मनात आले' म्हणून कामाला लागतात. मंत्रचळाचा रुग्ण त्या विचाराला जबाब देत बसतो. माझ्या मनात हे आलेच कसे? म्हणजे मी तसाच आहे काय? मग तो विचार दाबतो, त्यावर उतारा म्हणून चांगला विचार ठेवतो, मोजतो, आठवतो, इतरांना विचारतो. हा उताराच आजाराला खाऊ घालतो. डॅनियल वेग्नर या अमेरिकन संशोधकाने १९८७ साली दाखवून दिले की, लोकांना 'पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका' असे सांगितले की अस्वल हटकून मनात येते. वाचकांनी हवे तर आत्ताच करून पाहावे.

आपल्या माणसाला इथे एक जादा फास बसतो. धम्मपदाची सुरुवातच मनाच्या श्रेष्ठत्वाने होते. बाबासाहेबांनीही बुद्धाच्या शिकवणीचे पहिले वैशिष्ट्य सांगताना मनालाच केंद्र मानले आहे. रुग्ण हे ऐकतो आणि स्वतःलाच शिक्षा सुनावतो की, मन घाण, म्हणजे मी घाण. हा अर्थ साफ चुकीचा आहे. बुद्धाने कर्म म्हटले ते चेतनेला, म्हणजे जाणूनबुजून केलेल्या संकल्पाला. न बोलावता आलेला आणि आल्याबरोबर माणसाला घाम फोडणारा विचार हा संकल्प नव्हे. विचाराने काही घडत नसते, हे मराठवाड्याला वेगळे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची जमीन हलली, ती कोणाच्या मनात वाईट आले म्हणून नव्हे.

मज्झिम निकायातले विसावे सुत्त, वितक्कसंठान सुत्त, याच विषयावर आहे. ध्यानाला बसलेल्या भिक्खूच्या मनात अकुशल विचार आले तर काय करावे, याचे पाच मार्ग त्यात आहेत. सुतार बारीक खुंटी ठोकून जाड खुंटी काढतो, तसा एका विचाराच्या जागी दुसरा आणावा. विचाराचा धोका तपासावा. त्याच्याकडे लक्षच देऊ नये, जसा माणूस नको ते दिसले की नजर फिरवतो. घाईने चालणारा हळू चालतो, मग थांबतो, बसतो, आडवा होतो, तसा विचाराचा वेग कमी होऊ द्यावा. आणि शेवटी, दात आवळून मनाने मन दाबावे. डी सिल्वांनी प्राचीन बौद्ध ग्रंथांतले असे उपाय आणि आजची वर्तन-उपचारपद्धती यांतले साम्य लेख लिहून दाखवले आहे. पण आमचे स्पष्ट मत असे की, मंत्रचळाच्या माणसाने यातला पहिला आणि पाचवा मार्ग स्वतःच्या हिमतीवर धरू नये. त्याच्या हातात बारीक खुंटी हीच नवी जपमाळ होते, आणि दाबायला गेला की पांढरे अस्वल हजर. त्याच्या कामाचे आहेत ते मधले, लक्ष न देण्याचे आणि वेग कमी होऊ देण्याचे. सुत्त भिक्खूंसाठी सांगितलेले आहे, आजारावरचे औषध म्हणून नव्हे.

हे दुखणे कोणत्याही एका धर्माचे नाही. इंग्लंडमधला जॉन बन्यन हा भांडी सांधणारा कष्टकरी, पुढे धर्मोपदेशक झाला. १६६६ च्या आत्मचरित्रात त्याने लिहून ठेवले आहे की, प्रभूविषयीच्या निंदेचे विचार त्याला कसे छळत आणि तो मनातल्या मनात त्यांना कसा जबाब देत बसे. त्याला औषध मिळाले नाही. आज मिळते.

उपचार दोन आहेत. एक, गोळ्या. फ्लुओक्सेटीन, सरट्रालीन, फ्लुवोक्सामीन, क्लोमिप्रामीन ही त्यांतली नेहमीची नावे. गुण यायला बहुधा ८ ते १२ आठवडे लागतात. पंधरा दिवसांत 'फरक नाही' म्हणून बंद करू नयेत आणि बरे वाटले म्हणूनही परस्पर सोडू नयेत. या झोपेच्या गोळ्या नव्हेत, यांची नशा लागत नाही. दुसरा उपचार व्हिक्टर मेयर यांनी १९६६ साली लंडनमध्ये मांडला. ज्याची भीती वाटते त्याच्या समोर जायचे आणि उतारा मात्र करायचा नाही. त्या बाईने विळी बाहेर काढायची. पहिल्या दिवशी बाळ दुसऱ्या खोलीत, पुढे बाळ जवळ, पुढे प्रत्यक्ष भाजी चिरायची. 'मारली तर?' हा विचार येईल, येऊ द्यायचा. सात वेळा वाक्य म्हणायचे नाही, नवऱ्याला विचारायचे नाही. भीती चढते, काही वेळ टिकते आणि आपोआप उतरते. रोज केले की रोज थोडी कमी चढते. मुलाने शब्द आला तरी वंदना पुढे चालू ठेवायची, मागे फिरायचे नाही. हे जाणत्याच्या देखरेखीखाली पायरी-पायरीने करावे. काहींना विचार अधूनमधून येत राहतात, पण त्यांचा दिवस त्यात जात नाही. बरे होणे म्हणजे हेच.

घरच्यांना एक अवघड काम आहे. 'काही नाही होत गं' हे वाक्य दिवसातून चाळीस वेळा देणे हळूहळू थांबवायचे. ते मायेने दिलेले असले तरी तो उताराच आहे. त्याऐवजी म्हणावे, 'हा तुझा आजार विचारतोय, मी त्याला उत्तर देत नाही, चल भाकरी टाकू.' टोमणा मात्र मारू नये.

एक फरक लक्षात ठेवावा. विचार पटू लागला, आवाज ऐकू येऊ लागले, किंवा बाळाला अथवा स्वतःला संपवणेच बरे असे बाई म्हणू लागली, तर तो वेगळा आणि तातडीचा आजार आहे. तिला एकटे न ठेवता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. बाहेरची बाधा म्हणून कुठे नेऊ नये. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे-मारणे हा राज्यात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

नांदेडला विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत मानसोपचार विभाग आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची 'टेली मानस' ही फोनसेवा आहे. तिचा क्रमांक १४४१६, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंधनकारक केले आहे.

ओपीडीत गर्दी असते, आणि 'बाळाला मारण्याचा विचार येतो' हे शब्द तोंडातून फुटत नाहीत. म्हणून घरूनच कागदावर चार ओळी लिहून न्याव्यात. कोणता विचार येतो, तो आल्यावर मनात काय करता, दिवसाचे किती तास त्यात जातात, आणि हे केव्हापासून आहे. लिहिता येत नसेल तर लेकीकडून किंवा मैत्रिणीकडून लिहून घ्यावे. कागद डॉक्टरांच्या टेबलावर ठेवावा. असे विचार त्यांनी पुष्कळ ऐकलेले असतात, पुढचे ते विचारतात.