मोटर कोणत्या चाकाला?

जुन्या सायकलला मोटर बसवून घेणारे ग्राहक बॅटरी किती किलोमीटर चालेल, हे आवर्जून विचारतात. मोटर कुठे बसणार, हे विचारायचे मात्र राहून जाते. पुढच्या हबमधील मोटर बसवायला सर्वांत सोपी, म्हणून अनेकदा तीच गळ्यात पडते. तिचा धोका वेगळाच आहे. मोटर चाक पुढे ढकलते तेव्हा तिचा अ‍ॅक्सल उलट दिशेने फिरू पाहतो. हा पीळ अ‍ॅल्युमिनियमच्या फोर्कला, म्हणजे पुढच्या चिमट्याला, सोसेलच असे नाही. त्याची खाच तुटली तर धावत्या सायकलचे चाक निखळू शकते. त्यामुळे चिमटा पोलादी हवा आणि अ‍ॅक्सलला पीळ रोखणारी टॉर्क आर्मची पट्टी हवीच. चढावर भार मागे सरकतो व पुढचे चाक घसरते, ते निराळेच.

मागच्या हबची मोटर पकड चांगली देते. पंक्चर काढणे तेवढे जिकिरीचे. पेडलपाशी बसणारी मोटर सायकलच्या गिअरमधून जोर लावते. कात्रजचा घाट रोज चढायचा तर २५० वॅटमध्येही तीच सरस, कारण मंद गतीत हबची मोटर तापते. मात्र ती महाग असते आणि साखळीही लवकर झिजते. दादर ते माहीम अशा सपाट रस्त्याला मागच्या हबची मोटर पुरते.