काळ्या मोहऱ्यांनी खेळताना नवशिक्यांसाठी प्रारंभपद्धतीची निवड

प्रस्तावना :
बुद्धिबळात पहिली चाल पांढऱ्या मोहऱ्यांची असते. एका चालीची ही आघाडी तुल्यबळ श्रेष्ठ खेळाडूंमध्ये अल्प ठरते. नवशिक्याला मात्र ती जड जाते, कारण स्वतःची योजना आखण्यापूर्वीच त्याला प्रतिपक्षाच्या धमकीला उत्तर द्यावे लागते. जालना जिल्ह्यातील महाविद्यालये ज्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्याच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत बुद्धिबळाचा समावेश असतो. स्पर्धेतील साधारणतः निम्मे डाव काळ्या मोहऱ्यांनी खेळावे लागतात. अंबड, परतूर वा भोकरदनहून आलेला एखादा विद्यार्थी पहिल्या दहा चालींतच मात होऊन परतला, तर तो पुढील वर्षी पटासमोर बसेलच असे नाही. म्हणून त्याला प्रथम कोणती प्रारंभपद्धती शिकवावी, हा प्रश्न संघाची जबाबदारी सांभाळणाऱ्या प्राध्यापकांसाठी महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखात त्याचे विवेचन केले आहे.

निवडीचे निकष :
नवशिक्यासाठीच्या प्रारंभपद्धतीत तीन गुण असावेत. (१) पटाच्या मध्यभागी प्याद्याने वाटा मिळावा. (२) घोडे व उंट सहज बाहेर पडून लवकर किल्लेकोट करता यावा. (३) चाली पाठांतरापेक्षा कारणांवरून सुचाव्यात.

पांढऱ्याने ई४ खेळल्यास :
या निकषांवर ई५ हे उत्तर सर्वांत योग्य ठरते. काळ्याला मध्यभागी समान वाटा मिळतो आणि उंट व वजीर यांच्या वाटा मोकळ्या होतात. एफ७ या घराचे रक्षण आरंभी केवळ राजा करतो. म्हणून नवशिक्यांच्या डावात पांढरा वजीर लगेच एच५ वर येतो. यावर जी६ हे प्यादे पुढे टाकून वजिराला हुसकावण्याचा मोह होतो, पण ती चूक ठरते. वजीर ई५ वरील प्यादे शह देऊन मारतो आणि पुढे कोपऱ्यातील हत्तीही टिपतो. आधी घोडा सी६ वर आणून ई५ चे रक्षण करावे. त्यानंतर पांढऱ्याचा उंट सी४ वर येऊन मातीची धमकी निर्माण झाली की जी६ खेळावे. वजीर एफ३ वर गेल्यास घोडा एफ६ वर आणावा. धमकी टळते, काळ्याचे दोन्ही घोडे बाहेर येतात आणि पांढऱ्याच्या वजिराच्या चाली वाया जातात. त्याच दोन चाली, परंतु क्रम निर्णायक, हा धडा येथे मिळतो.

पांढऱ्याने घोडा एफ३ व उंट सी४ अशी शिस्तबद्ध मांडणी केल्यास काळ्यानेही उंट सी५ वर आणावा. उंट बी५ वर आल्यास ए६ हे प्यादे पुढे करता येते. पांढऱ्याने सी६ वरील घोडा मारला, तर डी७ वरील प्याद्याने उंट मारावा. मग पांढऱ्या घोड्याने ई५ वरील प्यादे घेतले, तरी काळा वजीर डी४ वर येऊन घोडा व ई४ वरील प्यादे यांवर एकाच वेळी चाल करतो आणि प्यादे परत मिळते.

पांढऱ्याने डी४ खेळल्यास :
येथे डी५ हे उत्तर इष्ट होय. पांढऱ्याने सी४ वर देऊ केलेले प्यादे घेऊन ते बी५ च्या आधाराने राखण्याचा हट्ट धरू नये. पांढरा ई३ व ए४ खेळून ती साखळी मोडतो आणि वजीर एफ३ वर आणून ए८ च्या हत्तीवर नेम धरतो. त्याऐवजी ई६ खेळून मध्य बळकट करावा, घोडा एफ६ वर व उंट ई७ वर आणून किल्लेकोट करावा आणि योग्य वेळी सी५ खेळावे. सी८ वरील उंट काही काळ अडकतो, हा या मांडणीचा दोष आहे. तथापि राजा सुरक्षित राहतो.

भारतीय बचावांचे स्थान :
जुन्या देशी नियमांत प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे सरके. त्या खेळातून आलेल्या मोहेशचंद्र बॅनर्जी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यात जॉन कॉक्रेन यांच्याविरुद्ध ज्या मांडण्या वापरल्या, त्यांतून ‘भारतीय बचाव’ हे नाव रूढ झाले. यात प्रतिपक्षाला मध्य प्रथम देऊन नंतर त्यावर प्रहार केला जातो. तो प्रहार केव्हा करावा, हे नवशिक्याला उमगत नाही. परिणामी तो कोंडला जातो. सिसिलियन बचावात पाठांतराचा भार मोठा आहे. म्हणून या पद्धती दुसऱ्या टप्प्यावर शिकवाव्यात.

समारोप :
काळे मोहरे म्हणजे केवळ बचाव, ही समजूत विद्यार्थ्यांच्या मनातून काढणे आवश्यक आहे. जुलै २०२५ मध्ये बाटुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी महिला विश्वचषकाच्या अंतिम लढतीत कोनेरू हंपी यांच्याविरुद्धचा निर्णायक जलद डाव काळ्या मोहऱ्यांनीच जिंकला. महाविद्यालयीन नवशिक्यासाठी ई४ ला ई५ आणि डी४ ला डी५ ही दोन उत्तरे पहिल्या वर्षी पुरेशी आहेत. प्रत्येक चालीमागील कारण त्याने स्वतःच्या शब्दांत सांगितल्याशिवाय पुढील चाल शिकवू नये. पाठ केलेली चाल प्रतिपक्ष वेगळा खेळताच निरुपयोगी होते. समजलेले कारण मात्र अनोळखी डावातही साथ देते.