आठवड्याची सुगी

पैनगंगेच्या खोऱ्यात, सहस्रकुंडाच्या धबधब्यापासून थोड्या अंतरावर वसलेले इस्लापूर किनवट तालुक्यात मोडते आणि हा तालुका १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. दप्तर जुन्या फसली सनाचे असो की आजच्या सातबाराचे, महसूल खात्याच्या ओळखीचे हंगाम मुख्यतः दोनच, खरीप आणि रब्बी. कापूस, सोयाबीन, तूर, हरभरा ही पिके त्या रकान्यांत बिनतक्रार बसतात. परंतु विहिरीच्या काठी वीस-पंचवीस गुंठ्यांत माळवे पिकवणाऱ्या कुटुंबाचे वर्ष तेथे मावत नाही. त्याची सुगी बाजाराच्या दिवशी संपते आणि दुसऱ्याच दिवशी नव्याने सुरू होते.

रोहिणी नक्षत्रात मिरची-वांग्याचे रोप गादीवाफ्यावर टाकावयाचे आणि पाऊस स्थिरावला की ते सरीवर लावावयाचे. श्रावणात दोडकी-कारल्यांचे वेल मांडवावर चढलेले असावयाचे. दसऱ्यानंतर पालेभाज्यांचे वाफे, थंडीत टोमॅटो आणि संक्रांत उलटली की विहिरीचा तळ पाहून उन्हाळी भेंडी-गवारीचा अंदाज बांधावयाचा, असा हा क्रम. धणे रगडून त्यांच्या दोन फाकी केल्याखेरीज ते पेरीत नाहीत. मेथी महिन्याच्या आत आणि कोथिंबीर सुमारे चाळीस दिवसांत उपटणीस येत असल्यामुळे सगळे वाफे एकदम न टाकता आठ-आठ दिवसांच्या अंतराने टाकले जातात, म्हणजे एक वाफा मोकळा होतो न होतो तोच दुसरा जुडीला आलेला असतो.

मी जवळून पाहिला तो भेंडीचा तोडा. उजाडता उजाडता सासू-सुना लुगड्यावर पूर्ण बाह्यांचे जुने सदरे चढवून आणि हातांत फाटके पायमोजे घालून ओळींत शिरल्या, कारण भेंडीची बारीक लव अंगाला लागली की दिवसभर खाज सुटते. बोटाएवढी भरलेली शेंग दोन दिवसांत निबर होते आणि बाजारातले गिऱ्हाईक टोक मोडून पाहिल्याखेरीज घेत नाही. ते कटकन मोडले तरच भाव. शिवाय निबर शेंगा झाडावरच राहिल्या तर नवी फुले धरण्याचा त्याचा जोम ओसरतो, म्हणून येथे तोडणी हीच अर्धी मशागत असते. सुनेचा हात एका लांबसडक शेंगेकडे गेला तोच सासू म्हणाली, “राहू दे गं माय, बियाची हाय ती.” शेंगेच्या देठाला लाल चिंधी बांधलेली होती. संकरित वाणाचे घरी धरलेले बी पुढच्या वर्षी तसेच उतरत नाही, हे अनुभवाने ठाऊक असल्यामुळे तिने जुन्या वाणाची एक ओळ निराळी राखली होती.

बांधावरची अंबाडी तर कोणाच्या हिशेबातच नसते. पावसाळ्यात तिचा पाला खुडून ज्वारीच्या कण्या घालून शिजवावा आणि फुलोरा आल्यावर ताटे कापून पाण्यात कुजत घालावीत. सोललेला वाक जुड्या बांधण्याच्या कामी येतो. रान जवळ असल्यामुळे रोही आणि रानडुकरे यांचा उपद्रव आहे, त्यावर उपाय म्हणजे चारी बाजूंनी जुन्या साड्यांचे कुंपण आणि रात्रीची राखण.

बाजारात सकाळचा दर दुपार कलताच उतरतो आणि सर्वांचेच टोमॅटो एकदम लागले की तोडणीची मजुरीही निघत नाही. अशा वेळी मिरची किंवा गवार सांभाळून घेते. दहा जिनसा थोड्या थोड्या लावण्याची ही रीत बाहेरच्या माणसाला अव्यवस्था वाटेल, परंतु वस्तुतः ती जोखमीची वाटणी आहे. कापसाची रक्कम एकदम हाती येते आणि बहुधा कर्जाच्या हप्त्यात व खत-बियाण्याच्या उधारीत एकदमच निघून जाते. माळव्याची चिल्लर मात्र त्याच बाजारातून तेल, मीठ, चहापत्ती होऊन घरी येते. एकरी उत्पन्नाच्या आकड्यांत या तुकड्याची किंमत कदाचित अल्पच भरेल. पण वर्षाच्या बावन्न आठवड्यांपैकी किती आठवडे दुकानदाराच्या वहीत आपले नाव चढले नाही, असा हिशेब मांडला, तर कापसाचे मोठे वावर त्याच्यापुढे जाईलसे वाटत नाही.