सर, एरर येऊन राहिली!

नागपूरच्या कुठल्याही कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये प्रॅक्टिकलच्या वेळी थोडा वेळ उभं राहिलं, की एक वाक्य हमखास कानावर पडतं : "सर, एरर येऊन राहिली." सरांनी विचारावं, "कोणती?" आणि उत्तर यावं, "माहीत नाही सर, पण चालूनच नाही राहिला प्रोग्राम." नवशिक्याची सगळी अडचण या दोन वाक्यांत आहे. प्रोग्राम चालत नाही हे त्याला दिसतं. नेमकं काय चालत नाही, हे मात्र त्याला सांगता येत नाही.

गेल्या तीन-साडेतीन दशकांत या शहरातल्या पोरापोरींनी बेसिक, फॉक्सप्रो, सी, व्हिज्युअल बेसिक, जावा, डॉट नेट आणि आता पायथॉन असा प्रवास केला. भाषा बदलल्या, यंत्रं बदलली. मदत मागायला जाणारं पोरगं मात्र तसंच बिचकत उभं राहतं. त्याला मदत कुठे मिळाली, कशी मिळाली आणि कशी मिळायला हवी, याचा हा आढावा.

क्लासेसचं शहर

नागपूर विद्यापीठ 1923 चं. आज व्हीएनआयटी म्हणून ओळखलं जाणारं विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय 1960 चं. वसंतदादा पाटलांच्या सरकारने 1983 मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि पुढच्याच वर्षी नागपुरात रामदेवबाबा आणि यशवंतराव चव्हाण ही महाविद्यालयं उभी राहिली. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया, यवतमाळ, वर्धा या जिल्ह्यांतली मुलं बॅगा उचलून नागपूरला येऊ लागली. यातल्या अनेकांनी कॉलेजात येईपर्यंत संगणकाला हात लावलेला नव्हता.

प्रोग्रामिंग इथे फक्त इंजिनीअरांपुरतं राहिलं नाही, हे नागपूरचं वैशिष्ट्य. नागपूर विद्यापीठाच्या बीसीसीए या अभ्यासक्रमाने वाणिज्य शाखेच्या मुलांना प्रोग्रामिंगच्या वर्गात आणून बसवलं. ताळेबंद आणि जर्नल एन्ट्री शिकणारी मुलं त्याच आठवड्यात सी आणि व्हिज्युअल बेसिकही शिकू लागली. ज्यांच्या घरी हिशेबाच्या वह्या होत्या पण संगणक नव्हता, अशा घरांतली ही मुलं. सीताबर्डी, धरमपेठ, धंतोली, नंदनवन या भागांतले क्लासेस त्यांच्यामुळे भरले.

2001 मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं आणि एमएस-सीआयटी गावोगाव पोचलं. त्याने लाखो लोकांची माउसची भीती घालवली, हे मोठंच काम. पण संगणक वापरणं वेगळं आणि त्याच्याकडून आपल्याला हवं ते करवून घेणं वेगळं. दुसऱ्या कामाला लागणारी मदत त्या अभ्यासक्रमाच्या कक्षेतच नव्हती.

नागपूरच्या लेखकाचं पुस्तक

या शहराने नवशिक्यांना केलेली सगळ्यात मोठी मदत म्हणजे यशवंत कानेटकर यांचं ‘लेट अस सी’. मुंबईच्या व्हीजेटीआयमधून पदवी आणि आयआयटी कानपूरमधून एमटेक केलेले कानेटकर नागपुरात शिकवू लागले, त्यांनी इथे स्वतःची प्रशिक्षण संस्था उभी केली, आणि बीपीबी प्रकाशनाकडून आलेलं त्यांचं हे पुस्तक काश्मीर ते केरळ सगळीकडच्या वसतिगृहांत पोचलं. सी भाषा डेनिस रिची यांनी 1972 च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये घडवली. कर्निगन आणि रिची यांचं मूळ पुस्तक 1978 चं. ते उत्तमच आहे, पण ते आधीपासून प्रोग्रामिंग जाणणाऱ्यांसाठी लिहिलेलं आहे. ज्याने आयुष्यात पहिल्यांदाच ‘मेन’ लिहिलं, त्याच्यासाठी कोणीतरी लिहायला हवं होतं. ते काम कानेटकरांनी केलं.

या पुस्तकातलं पहिलं उदाहरण सरळव्याजाचं आहे. सातवीच्या गणितात येऊन गेलेलं सूत्र. पुढे पगार, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, परीक्षेचे गुण, वर्ग. नोकरदार मध्यमवर्गीय घरात जेवताना जे विषय निघतात तेच. मुलाला नवी भाषा शिकायची असते, पण प्रश्न ओळखीचा असतो, त्यामुळे एका वेळी एकच अनोळखी गोष्ट समोर येते. दुसरी मोठी गोष्ट म्हणजे प्रकरणाच्या शेवटचे स्वाध्याय : या प्रोग्रामचं उत्तर काय येईल ते सांगा, यात चूक असेल तर दाखवा. म्हणजे बिघडलेला प्रोग्राम वाचायची सवय पुस्तकच लावतं. परीक्षेसाठी पाठ करून टाकणाऱ्यांनी हे स्वाध्याय गाळले. ज्यांनी वहीत पेन्सिलने सोडवले, ते पुढे लॅबमध्ये दुसऱ्यांना मदत करताना दिसले.

2000 नंतरच्या आवृत्त्यांत कानेटकरांनी विंडोजखालचं सी आणि लिनक्सखालचं सी अशी प्रकरणंही घातली. काळ्या पडद्यावरून खिडकी, बटण, माउस यांच्या जगात जाताना पोरं गोंधळतात, हे शिकवणाऱ्याला रोज दिसत होतं. ते पुस्तकात उतरलं.

भत्ता 169 रुपये

अडचण कशी असते आणि मदत कशी करायची, यासाठी एक उदाहरण जवळून पाहू.

मूळ पगार 25,000 रुपये. महागाई भत्ता 40 टक्के. मुलाने पगार ‘इंट’ या प्रकारात घेतला, 40 ने गुणलं, 100 ने भागलं. घरच्या लॅपटॉपवर उत्तर आलं 10,000. कॉलेजच्या लॅबमध्ये टर्बो सीवर तोच प्रोग्राम, अक्षराचाही फरक नाही, आणि उत्तर 169. मुलगा घाबरतो. प्रॅक्टिकल दहा मिनिटांवर. शेजारच्याची फाइल कॉपी करणं त्याला सगळ्यात सोपं वाटतं.

इथे काय घडलं? बोर्लंड कंपनीचं टर्बो सी 1987 चं, डॉसच्या काळातलं. त्याचा ‘इंट’ 16 बिटांचा, म्हणजे उणे 32,768 ते 32,767 एवढेच आकडे मावणारा. 25,000 गुणिले 40 म्हणजे दहा लाख. ते मावत नाहीत. 65,536 चे पंधरा पूर्ण फेरे वजा झाले की 9,83,040 जातात आणि उरतात 16,960. त्याला 100 ने भागलं की 169. आजच्या कंपायलरचा ‘इंट’ सहसा 32 बिटांचा असल्यामुळे घरी उत्तर बरोबर आलं.

यावर दोन प्रकारची मदत मिळू शकते. पहिली : "इंटच्या जागी लाँग लिही, होऊन जाईल." प्रोग्राम चालतो, मुलगा जातो, आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या रूपातली हीच चूक घेऊन परत येतो. दुसरी : "गुणाकार आणि भागाकार वेगळ्या ओळींवर कर, मधला आकडा छापून पाहा." पडद्यावर 16,960 उमटतं. मुलगा विचारतो, हा आकडा आला कुठून? तिथून शिकणं सुरू होतं. दुसऱ्या मदतीला फक्त पाच मिनिटं जास्त लागतात.

पंचाहत्तर टक्के एरर तर वाचूनच सुटतात, असं शिकवणारे सांगतात. टक्का मोजलेला नसेल, पण अनुभव खरा आहे. अर्धविराम विसरला की टर्बो सी बोट ठेवतो पुढच्या ओळीवर, कारण पुढची ओळ वाचेपर्यंत त्याला वाक्य संपलं नाही हे कळतच नाही. ‘एररच्या ओळीत काही दिसलं नाही तर वरची ओळ पाहा’ एवढं एक वाक्य पहिल्या दिवशी सांगितलं, तरी लॅबमधले कितीतरी हात वर व्हायचे थांबतात.

बटण, फॉर्म आणि गायब होणारा डेटा

1991 मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल बेसिक आणलं आणि डेस्कटॉप प्रोग्रामिंग सामान्य विद्यार्थ्याच्या आवाक्यात आलं. सीमध्ये विंडोजची एक साधी खिडकी उघडायला पन्नास-साठ ओळी लागत. इथे फॉर्मवर बटण ओढून ठेवायचं, त्यावर दोनदा क्लिक करायचं आणि कोड लिहायचा. 1998 ची सहावी आवृत्ती तर नागपूरच्या बीसीसीए आणि एमसीएमच्या प्रोजेक्टांत वर्षानुवर्षं नांदली. लायब्ररी मॅनेजमेंट, हॉस्पिटल मॅनेजमेंट, पेरोल, स्टॉक. किराणा दुकानदाराच्या मुलीने वडिलांच्या उधारीच्या वहीचं सॉफ्टवेअर करावं, इतकं ते जवळचं होतं. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाने पदविकेच्या अभ्यासक्रमात पुढेही व्हीबी डॉट नेटवर खिडक्या-बटणांचे प्रोग्राम शिकवणारा विषय ठेवला.

पण इथल्या अडचणी सीपेक्षा फसव्या. चूक कोडमध्ये नसते, भोवतालात असते. "सर, डेटा सेव्ह होऊन राहिला, पण प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू केला का गायब." कोड तपासावा तर निर्दोष. होतं असं, की अॅक्सेसची मूळ डेटाबेस फाइल प्रोजेक्टच्या फोल्डरात असते. प्रोग्राम चालतो तो आतल्या ‘बिन’ फोल्डरातली तिची प्रत वापरून. ‘कॉपी ऑल्वेज’ असं ठरवलेलं असेल, तर प्रत्येक नव्या बिल्डला रिकामी मूळ फाइल भरलेल्या प्रतीवर येऊन बसते. एक सेटिंग बदललं की काम होतं. पण ते माहीत नसलेली मुलं रात्र रात्र कोड उलटापालटा करतात.

तसंच घरी चालणारं प्रोजेक्ट परीक्षकासमोर न उघडणं. कनेक्शनमध्ये घरच्या संगणकाचा पूर्ण पत्ता लिहिलेला, आणि कॉलेजच्या संगणकात त्या नावाचा युजरच नाही. कधी ऑफिस 32 बिटांचं आणि प्रोग्राम 64 बिटांचा, म्हणून डेटाबेसचा दुवाच सापडत नाही. या गोष्टी पुस्तकात क्वचित येतात. त्या कोणीतरी शेजारी बसूनच सांगाव्या लागतात.

शेजारी कोण बसतं?

नागपुरात हे काम अनेकांनी केलं. लॅब असिस्टंट, ज्यांचं नाव अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत कधी छापलं जात नाही, पण कोणत्या मशीनवर काय बिघडतं हे ज्यांनाच ठाऊक असतं. वसतिगृहातले सिनियर दादा आणि ताया, ज्यांच्या खोलीत परीक्षेआधी पोट्टे रांगेने बसतात. संध्याकाळच्या क्लासचे सर, जे बॅच संपल्यावर दोघा-चौघांसाठी थांबतात. याच शहरात आज परसोडीच्या आयटी पार्कमध्ये पर्सिस्टंट आहे, मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आहेत. तिथे काम करणाऱ्या अनेकांची पहिली एरर अशाच कोणाच्या तरी शेजारी बसून सुटलेली असते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. तयार प्रोजेक्ट विकत घेण्याची सवय विदर्भातच नव्हे, महाराष्ट्रभर पसरली. सीडी, छापील रिपोर्ट, बाइंडिंग सगळं एकत्र मिळतं. तोंडी परीक्षेत "हा कोड काय करतो?" एवढं विचारलं की मुलं गप्प होतात. दोष फक्त त्यांचा नाही. एका लॅबमध्ये साठ मुलं, एक शिक्षक आणि दोन तास असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला दोनच मिनिटं येतात. विचारायला जागा मिळाली नाही, की मुलं विकत घेतात.

विचारायची लाजही मोठी. गडचिरोलीहून आलेली मुलगी वर्गात हात वर करत नाही, कारण प्रश्न इंग्रजीत मांडता येत नाही आणि मराठीत विचारला तर लोक हसतील असं तिला वाटतं. 2021 मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह आठ भारतीय भाषांतून अभियांत्रिकीला परवानगी दिली. मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांनी सुरू केलेल्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात सी, जावा, पायथॉन यांसारख्या विषयांचे छोटे धडे मराठी आवाजातही आहेत : एका खिडकीत धडा, शेजारच्या खिडकीत आपला सराव. ही चांगली सोय आहे आणि ती विनामूल्य आहे. पण धडा ऐकून झाल्यावर पडणारा प्रश्न विचारायला माणूस लागतोच.

आता यंत्रच उत्तर देतं

2022 च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं आणि चित्र पालटलं. आता ‘डेटा सेव्ह होऊन राहिला पण गायब होते’ असं नागपुरी मराठीत टाइप केलं तरी उत्तर येतं. रात्री दोन वाजता येतं, न हसता येतं, दहाव्यांदा विचारलं तरी येतं. लाजणाऱ्या मुलीसाठी हे मोठं दार उघडलं आहे. त्याला नावं ठेवणं अन्यायाचं होईल.

धोका तोच जुना, ‘इंटच्या जागी लाँग लिही’ वाला. मागितलं की पूर्ण कोड मिळतो, आणि मधला आकडा छापून पाहायची वेळच येत नाही. शिवाय यंत्राला लॅबमधलं 16 बिटांचं टर्बो सी दिसत नाही, ‘बिन’ फोल्डर दिसत नाही. ते आपणच सांगावं लागतं. म्हणजे नीट विचारता येणं आज पूर्वीपेक्षा जास्त गरजेचं झालं आहे.

काय करायचं?

विद्यार्थ्यांनी मदत मागताना चार गोष्टी सांगाव्यात : मला काय हवं होतं, काय घडलं, एरर अक्षरशः काय लिहून आली, आणि मी आतापर्यंत काय करून पाहिलं. प्रोग्राम छाटत छाटत दहा-पंधरा ओळींवर आणावा. अनेकदा छाटतानाच चूक सापडते.

कॉलेजांनी टर्बो सीला आता मानाने निरोप द्यावा. 64 बिटांच्या विंडोजवर ते डॉसबॉक्सच्या आधाराशिवाय चालत नाही. ‘कोनिओ’ आणि ‘क्लियरस्क्रीन’ची सवय लागलेल्या मुलांना बाहेर गेल्यावर सगळं पुन्हा शिकावं लागतं. मोफत, चालू काळातले कंपायलर उपलब्ध असताना हा भार त्यांच्यावर टाकायचं कारण उरलेलं नाही. प्रॅक्टिकलच्या गुणांतले थोडे गुण चालणाऱ्या प्रोग्रामऐवजी बिघडलेला प्रोग्राम दुरुस्त करण्याला द्यावेत. मुलं एरर वाचायला शिकतील.

आणि जे या शहरात शिकून आज नोकरीत आहेत, त्यांना एक विनंती. महिन्यातला एक शनिवार आपल्या जुन्या कॉलेजच्या लॅबमध्ये द्या. भाषण देऊ नका. एका मुलाच्या शेजारी खुर्ची ओढून बसा, कीबोर्ड त्याच्याच हातात राहू द्या आणि विचारा, "एरर वाचून दाखव बरं, काय म्हणून राहिली?"