एकाच खेळाडूवर निम्मी पर्स: कबड्डीच्या लिलावातलं पैशाचं गणित नेमकं कसं असतं?

पिंप्राळ्यात गल्लीतली पोरं मिळून एक प्रीमियर लीग भरवतायत असं समजा. सहा संघ, सहा मालक. यातला एक मालक केळीचा मोठा व्यापारी, दुसऱ्याचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान, तिसरा नुकताच नोकरीला लागलेला. प्रत्येकाला खिशातला पैसा उधळायची मुभा दिली, तर काय होईल? सगळी चांगली पोरं केळीवाल्या शेठच्या संघात जातील आणि स्पर्धा पहिल्याच संध्याकाळी संपेल.

म्हणून आयोजक काय करतात? सगळ्यांना सारखे पॉइंट्स वाटतात. 'हे घ्या दहा हजार पॉइंट्स, यातच अख्खा संघ बसवा.' आता शेठ असो की दुकानदार, लिलावात दोघंही सारखेच. ज्याचं डोकं चाललं त्याचा संघ भारी.

बस्स. यालाच सॅलरी कॅप म्हणतात. ऑस्ट्रेलियातली रग्बी लीग असो, आयपीएल असो की आपली प्रो कबड्डी, मूळ आयडिया गल्लीतलीच आहे. फक्त पॉइंट्सच्या जागी कोटी येतात आणि हिशोब चुकला की अख्खा हंगाम हातचा जातो.

लिलावातला पैसा नक्की कुणाला मिळतो?

आधी एक गैरसमज दूर करू. लिलावात 'अमुक खेळाडू दोन कोटींना विकला गेला' असं वाचलं की बऱ्याच जणांना वाटतं, हे पैसे जुन्या संघाला किंवा संघटनेला जात असतील. युरोपातल्या फुटबॉलमध्ये तसं असतं. २०१७ मध्ये नेमार बार्सिलोना सोडून पॅरिसला गेला, तेव्हा २२ कोटी २० लाख युरो मोजले गेले. ती बार्सिलोनाला मिळालेली किंमत होती, नेमारचा पगार त्याच्याहून वेगळा.

कबड्डीच्या आणि आयपीएलच्या लिलावात मात्र बोली म्हणजे त्या खेळाडूचा त्या हंगामाचा पगार. जुन्या संघाला त्यातला रुपयाही मिळत नाही. त्यामुळे लिलावाची पर्स म्हणजे संघाचं पगाराचं बजेट.

प्रो कबड्डीत २०२३ च्या दहाव्या हंगामापासून ही पर्स ५ कोटींची आहे. त्यात किमान १८ आणि जास्तीत जास्त २५ खेळाडू बसवायचे. खेळाडूंचे चार गट: अ गटाची मूळ किंमत ३० लाख, ब गटाची २० लाख, क गटाची १३ लाख आणि ड गटाची ९ लाख. आधीच्या हंगामातले जे खेळाडू संघ स्वतःकडे ठेवतो, म्हणजे रिटेन करतो, त्यांचा पगारही याच पाच कोटींतून वजा होतो.

साधा भागाकार करा. पाच कोटी भागिले १८, म्हणजे सरासरी पावणेअठ्ठावीस लाखांच्या आसपास. पण सरासरीने संघ कुणीच बांधत नाही. खरा खेळ इथूनच सुरू होतो.

दोन संघ, एक पर्स, दोन टोकं

ऑक्टोबर २०२३. मुंबईत लिलाव. तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाख ५० हजारांची बोली लावली. प्रो कबड्डीच्या इतिहासातली तेव्हापर्यंतची सगळ्यात मोठी. त्याच लिलावात पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला २ कोटी ३५ लाखांना घेतलं.

म्हणजे टायटन्सने पर्सचे ५२ टक्के एका माणसावर लावले आणि पलटणने ४७ टक्के. उरलेल्या पैशांत किमान १७ खेळाडू बसवायचे म्हटलं, तर टायटन्सकडे माणशी साधारण १४ लाख उरले आणि पलटणकडे साडेपंधरा लाख. फरक फार नाही.

निकालात मात्र जमीन-अस्मानाचं अंतर. टायटन्स २२ पैकी फक्त दोन सामने जिंकून तळाला, बाराव्या क्रमांकावर. पलटण गुणतालिकेत पहिली, आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिल्यांदाच विजेती.

पवन काय कमी दर्जाचा खेळाडू होता? अजिबात नाही. फरक उरलेल्या सतरा जणांमध्ये होता. पलटणने अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे, संकेत सावंत, गौरव खत्री अशी पोरं आधीपासून घडवली होती आणि रिटेन केली होती. ही पोरं खुल्या लिलावात उतरली असती तर त्यांचे भाव कुठे गेले असते, याचा अंदाज तुम्हीच बांधा. अस्लम तर त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

म्हणजे सॅलरी कॅपमध्ये जिंकतो कोण? महागडा खेळाडू घेणारा नाही, स्वस्तही घेणारा नाही. ज्याच्या संघात किमतीपेक्षा जास्त खेळणारे जास्त, तो. स्टार खेळाडूला बहुतेक वेळा त्याची पूर्ण किंमत मोजावीच लागते. नफा होतो तो नऊ-दहा लाखांच्या पोराने तीस लाखांचा खेळ दाखवला तर.

मग चांगली पोरं कायमची धरून का ठेवत नाहीत?

कारण तेही सोपं नाही. पोरगा चमकला की त्याचा भाव वाढतो, पर्स मात्र तेवढीच राहते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई आठवा. २०१८ मध्ये यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतलं. पहिल्याच हंगामात त्याने धुमाकूळ घातला. पुढच्या वर्षीच्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. मुंबईने शोधला, हैदराबादने नेला.

यावर थोडा इलाज म्हणून 'फायनल बिड मॅच' नावाचं कार्ड आहे. लिलावात तुमच्या जुन्या खेळाडूवर दुसऱ्या संघाने शेवटची बोली लावली की तुम्ही हात वर करून म्हणू शकता, 'तेवढेच पैसे आम्ही देतो, खेळाडू आमचाच.' २०१८ मध्ये यूपी योद्धाने मुंबईच्या रिशांक देवाडिगाला असंच १ कोटी ११ लाखांना राखलं. २०२४ मध्ये टायटन्सने पवनलाही हेच कार्ड वापरून १ कोटी ७२ लाख ५० हजारांना परत घेतलं. आकडा बघा, तोच खेळाडू, तोच संघ, आणि वर्षभरात किंमत जवळपास ८८ लाखांनी खाली.

खेळाडूंची अदलाबदल: हार्दिक हवा, तर ग्रीन सोडा

लिलावाशिवाय खेळाडू संघ बदलू शकतो का? आयपीएलमध्ये ट्रेड विंडो असते. कॅप कशी काम करते ते समजून घ्यायला त्यातलं सगळ्यात चांगलं उदाहरण मुंबई इंडियन्सचं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबईला गुजरात टायटन्सकडून हार्दिक पंड्या परत हवा होता. त्याचा पगार १५ कोटी. मुंबईच्या मालकांकडे पैसे कमी होते का? प्रश्नच नाही. पण कॅपमध्ये जागा नव्हती. मग मुंबईने कॅमेरून ग्रीनला, म्हणजे साडेसतरा कोटींचा पगार, बेंगळुरूकडे सोपवलं. जागा झाली, हार्दिक आला. गुजरातला जी ट्रान्सफर फी मिळते ती पर्समध्ये मोजत नाहीत, मोजतात तो फक्त खेळाडूचा पगार.

म्हणजे देशातला सगळ्यात श्रीमंत मालकसुद्धा इथे महिन्याच्या शेवटी घरखर्चाची वही उघडून बसलेल्या माणसासारखा असतो. एक वस्तू आणायची तर दुसरी कमी करायची.

कॅप मोडली तर?

इथे ऑस्ट्रेलियाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. तिकडची रग्बी लीग हा खेळ आपल्या कबड्डीचा लांबचा भाऊच म्हणा. तेरा जणांचा संघ, चेंडू घेऊन समोरच्यांच्या हद्दीत घुसायचं, आणि त्यांनी पकड करून पाडायचं. तिथे १९९० पासून सॅलरी कॅप आहे.

मेलबर्न स्टॉर्म हा तिथला दादा संघ. २०१० मध्ये उघड झालं की क्लबने करारांचे दोन संच ठेवले होते. एक लीगला दाखवायचा, एक खरा. पाच वर्षांत किमान १७ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर लपवून दिले होते. शिक्षा काय झाली? २००७ आणि २००९ ची विजेतेपदं काढून घेतली, मोठा दंड ठोठावला, आणि वर्ष संपेपर्यंत कितीही सामने जिंकले तरी गुण शून्य. त्याआधी २००२ मध्ये कँटरबरी बुलडॉग्जचे ३७ गुण कापले होते, तेही गुणतालिकेत पहिल्या क्रमांकावर असताना.

इतकी कडक शिक्षा का? कारण कॅप म्हणजे सगळ्यांनी मिळून पाळायचा शब्द आहे. एकाने चोरून जास्त दिले की बाकीचे सगळे प्रामाणिकपणे हरत राहतात.

पण खेळाडूचं काय?

आतापर्यंत आपण सगळं मालकाच्या खुर्चीत बसून बघितलं. आता मैदानातल्या पोराच्या बाजूने बघू.

खान्देशात सालदार ही गोष्ट नव्याने सांगायला नको. पाडवा-अखाजीच्या सुमाराला शेतकरी आणि सालदार समोरासमोर बसतात, वर्षाचा आकडा ठरतो. सालदार म्हणू शकतो, 'नाही जमत, मी दुसऱ्याकडे जातो.' लिलावातल्या खेळाडूला हे म्हणता येत नाही. त्याने नाव नोंदवलं की कुठल्या शहरात, कुठल्या कोचच्या हाताखाली, कितीला खेळायचं हे हातोडा ठरवतो. आणि सगळ्या संघांची मिळून रक्कम बांधलेली असल्याने, एकाला अडीच कोटी मिळाले की ते दुसऱ्या पंधरा जणांच्या वाट्यातून येतात.

हा प्रश्न ऑस्ट्रेलियात कोर्टापर्यंत गेला. तिथल्या लीगने कॅपसोबत ड्राफ्टही आणला होता. करार संपलेल्या खेळाडूने कुठे जायचं हे संघांनी क्रमाने निवडायचं. खेळाडूंनी विरोध केला. १९९१ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने हा ड्राफ्ट बेकायदा ठरवला. म्हणणं सरळ होतं: माणसाने काम कुठे करायचं, हे त्याच्या मर्जीविना ठरवणं म्हणजे त्याच्या रोजीरोटीवर बंधन. ड्राफ्ट गेला, कॅप राहिली. म्हणजे खर्चाला मर्यादा आणि खेळाडूला निवड, दोन्ही एकत्र राहू शकतात, हे तिथे दिसलं.

आपल्याकडे आज तरी लिलावाची पद्धत आहे, आणि तिचे चढउतार जीवघेणे असतात. दीड कोटीच्या घरात पोचलेल्या सिद्धार्थ देसाईला खांद्याच्या दुखापतीनंतर २०२२ मध्ये २० लाख मिळाले, तेही त्याच टायटन्सकडून. पुढच्याच वर्षी हरियाणाने त्याच्यासाठी १ कोटी मोजले. पवन सेहरावतला २०२२ मध्ये तमिळ थलैवाजने २ कोटी २६ लाखांना घेतलं, आणि हंगामाच्या पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून तो बाहेर गेला. गंमत अशी की पवनशिवाय थलैवाज त्या वर्षी पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोचले. ते बाकीच्या, फारशी नावं नसलेल्या पोरांच्या जिवावर.

मग खान्देशातल्या पोराने यातून काय घ्यायचं?

२०१४ मध्ये पहिल्या लिलावात सगळ्यात महाग खेळाडू होता राकेश कुमार, किंमत १२ लाख ८० हजार. आज क गटाची मूळ किंमतच त्याच्यापेक्षा जास्त आहे. पैसा वाढलाय हे खरं. पण सोशल मीडियावर फिरतात ते अडीच कोटींचे आकडे दोन-चार जणांचे असतात. बहुतेक खेळाडूंचं आयुष्य नऊ ते वीस लाखांच्या पट्ट्यात असतं, करार थोड्या काळाचा असतो, आणि गुडघा एकच असतो.

चांगली बातमी ही की कॅपमुळे प्रत्येक संघाला स्वस्तात चांगली पोरं शोधावीच लागतात. त्यासाठी नवीन तरुण खेळाडूंचा वेगळा गट आहे, तिथे लिलावाची वाट बघावी लागत नाही. संघांची माणसं ज्युनियर स्पर्धा, राज्य निवड चाचण्या बघत फिरतात. जळगाव-धुळ्याच्या पोरासाठी दार तेच: तालुका, जिल्हा, राज्य अजिंक्यपद. रील व्हायरल होऊन कुणी पर्समध्ये बसत नाही.

आणि पोराचं नाव लागलंच कुठे, तर आधी तीन गोष्टी विचारा. करार किती हंगामांचा? दुखापत झाली तर पगाराचं आणि उपचाराचं काय? खेळ थांबल्यावर हाताशी नोकरी किंवा शिक्षण आहे का? कबड्डीतले अनेक मोठे खेळाडू आजही रेल्वे, पोलीस, बँक, सैन्यदल अशा नोकऱ्या सांभाळून खेळतात, ते उगाच नाही.

पुढच्या लिलावात एखादा विक्रमी आकडा आला की तो शेअर करण्याआधी एवढंच करा: त्या संघाच्या पर्समधून तो आकडा वजा करा आणि उरलेल्या रकमेला सतराने भागा. संघ कुठे जाणार, याचा अर्धा अंदाज तिथेच येईल. उरलेला अर्धा ती सतरा पोरं मैदानात सांगतील.